मोटारीचा पंखा आणि वलवणचा पाऊस

पावसाळा सुरू झाला कीं आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ कुटुंबें एखाद्या रविवारीं मुलांबाळांसह घाट चढून लोणावळ्याकडे जातात. निघण्यापूर्वीं टायर, ब्रेक व बाहेरचें पाणी पुसणारे वायपर यांची आठवण बहुतेकांस असते. परंतु मोटारीच्या आंत एक लहानसा पंखा असतो आणि अशा प्रवासांत आपला जीव पुष्कळ अंशीं त्याच्या हवालीं असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. आमच्याही आली नव्हती. ती गेल्या वर्षीं वलवण येथें कशी आली, तें या खेपेस सांगण्याचें योजिलें आहे.

वलवण हें लोणावळ्यास लागून असलेलें मावळांतील गांव. येथील तलावाचें पाणी खंडाळ्याकडून मोठमोठ्या नळांतून पांचशें मीटरांहून अधिक खालीं खोपोलीस उतरतें व तेथील विद्युद्गृहांतील चक्रें फिरवितें. १९१५ सालापासून मुंबईस या मार्गानें वीज मिळूं लागली. जेथें इतका पाऊस सांठविला जातो, तेथील हवा किती दमट असेल हें निराळें सांगावयास नको.

त्या दिवशीं मुंबईहून निघावयास आम्हांस उशीर झाला. गाडी आमचा पुतण्या चालवीत होता. त्याच्या शेजारीं आमचे वडील बंधु, ज्यांस घरांत सारे दादा म्हणतात ते; मागें मातुःश्री, वहिनी व आम्ही. पंख्याची घरघर महिनाभर कानांवर येत होती, पण "चालतो आहे ना, मग झालें" असें म्हणून आम्हीच ती टाळली होती. घाटमाथ्यावर धुकें व पाऊस यांनीं एकदमच गांठलें, आणि त्याच वेळीं ती घरघर थांबली. पांच माणसांचे श्वास, ओल्या छत्र्या, ओलीं वस्त्रें. दहा मिनिटांच्या आंत समोरची कांच पांढरी झाली. पुतण्यानें पंख्याचें बटण पहिल्या खांचेवरून दुसऱ्या व दुसऱ्या खांचेवरून तिसऱ्या खांचेवर नेलें. पंखा हूं कीं चूं करीना. दादांनीं रुमालानें कांच पुसावी, तों ती पुनः धुरकट व्हावी, असें चाललें.

मोठा रस्ता सोडून आम्ही वलवणच्या वाटेस लागलों. जीव गुदमरतो म्हणून मातुःश्रींनीं आपल्या बाजूची कांच चार बोटें खालीं केली होती. एकाएकीं त्या ओरडल्या, "अरे थांब, माणूस आहे!" गाडी थांबली. इरलें पांघरलेला एक म्हातारा गाय घेऊन रस्त्याच्या कडेनें चालला होता. त्याच्यांत व आमच्यांत दोन हातांचें अंतर उरलें होतें. त्यानें वळून पाहिलें, गाय पलीकडे ओढली आणि कांहीं न बोलतां तो पुढें गेला. उतरून त्याची क्षमा मागावी एवढेंही भान आम्हांस राहिलें नाहीं. उरलेली वाट आम्ही सर्व कांचा उघड्या टाकून, भिजत, पायीं चालणाराच्या गतीनें कापली.

आतां कांच अशी कां धुरकटते? उष्ण व दमट हवा थंड पृष्ठभागास लागली म्हणजे तिच्यांतील बाष्प तेथें थेंबरूपानें जमतें. थंड पाण्याच्या तांब्यास बाहेरून घाम सुटतो तसेंच हें. मोटारींतील थंड करणारें यंत्र हवेंतील ओल निपटून काढतें, हीटर तीच हवा एंजिनाच्या तापलेल्या पाण्यावर ऊन करतो, व अशी कोरडी हवा कांचेवर गेली कीं ती ओल शोषून घेते. परंतु ही हवा ढकलणारा पंखाच बंद पडला, तर तीं दोन्हीं साधनें असून नसल्यासारखीं.

दुसऱ्या दिवशीं दादांचें मत पडलें कीं सबंध नवा पंखा पुण्याहून मागवावा. गांवांतील मिस्त्रींस बोलाविलें. त्यांनीं हत्याराला हात लावण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारले. पहिला, "बंद पडण्याआधीं आवाज येत होता का?" दुसरा, "शेवटच्या वेगावर लावून पाहिला का?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. रात्रीं चौथ्या खांचेपर्यंत बटण कोणीं फिरविलेंच नव्हतें! मिस्त्रींनीं तें फिरवितांच पंखा कण्हत कण्हत चालूं लागला. म्हणजे उपाय हाताशीं असतां आम्ही त्या म्हाताऱ्याच्या अंगावर गाडी घालणार होतों.

याचें कारण असें. पंख्याच्या मोटरीस कमी वेग द्यावयाचा असतो, तेव्हां वीज एका रोधकामधून नेतात. मिस्त्रीलोक त्यास रेझिस्टर म्हणतात. शेवटच्या वेगावर मात्र वीज त्यास वगळून सरळ मोटरीस मिळते. म्हणून खालचे वेग बंद व शेवटचा चालू असेल, तर दोष प्रायः रोधकाचा किंवा त्याच्या जोडणीचा. एकही वेग चालत नसेल, तर प्रथम फ्यूज पाहावा. तो शाबूत असेल तर मोटरीची जोडणी सोडून, बटण शेवटच्या वेगावर ठेवून, तेथें बारा व्होल्टांच्या आसपास वीज येते कीं नाहीं हें मापून घ्यावें. वीज येत असून मोटर फिरत नसेल, तर मोटर गेली. येत नसेल, तर दोष अलीकडील तारांत, बटणांत किंवा रिलेंत शोधावा. मोटरीवर हलकेंच ठोकल्यावर ती चालूं लागली, तर आंतील ब्रश झिजले असें समजावें. ज्या गाड्यांत हवामान आपोआप राखलें जातें, त्यांत रोधकाऐवजीं निराळें विद्युत्-उपकरण असतें. तेथें ही परीक्षा जशीच्या तशी लागूं पडत नाहीं.

"मग रोधक तेवढा बदला," असें आम्हीं म्हटलें. मिस्त्री म्हणाले, "तो जळाला कशानें, हें नको का पाहावयाला?" त्यांनीं किल्ली काढून घेतली, बॅटरीची ऋण बाजूची तार सोडली व कांहीं मिनिटें थांबून मगच डाव्या बाजूचा कप्पा उतरविला. त्या भागांत हवेची संरक्षक पिशवी असते. तिच्या पिवळ्या तारांस हात लावूं नये. तीन स्क्रू काढतांच मोटर खालीं उतरली. पंख्याच्या पिंजऱ्यांत कुजलेल्या पानांचा लगदा होता आणि बेअरिंग गंजून अडखळत होतें. अडखळणारी मोटर अधिक वीज ओढते, आणि त्या भारानें रोधक तापून जळतो. शिवाय रोधक पंख्याच्याच हवेनें निवतो. हवा गाळणारी जाळी मळानें भरली, तर तेंही निवणें कमी होतें.

पानें आलीं कोठून? आमच्या घरापुढील जांभळाखालीं गाडी उभी असे. समोरच्या कांचेखालील झरोक्यांत पानें सांचून पाणी वाहून जाण्याची वाट बुजली होती, व तें पाणी थेट पंख्यावर ठिबकत होतें. अर्थात् दादांच्या म्हणण्याप्रमाणें केवळ मोटर बदलली असती, तर खालचे वेग बंदच राहिले असते. आमच्या म्हणण्याप्रमाणें केवळ रोधक बदलला असता, तर तो पुनः जळाला असता. आणि दोन्ही बदलून पानें तशींच ठेवलीं असतीं, तर पुढील पावसाळ्यांत हाच प्रसंग आला असता. मिस्त्रींनीं मोटर व रोधक दोन्ही नवीं घातलीं, जोडणी करपलेली नाहीं हें पाहिलें, जाळी बदलली व प्रत्येक वेग लावून पाहिला. शेवटीं झरोक्यावर दोन तांबे पाणी ओतून तें खालीं जमिनीवर पडतें याची खात्री करून घेतली.

फ्यूज जळाला तर तेवढ्याच शक्तीचा घालावा. मोठा घालणें म्हणजे तारांना आग लावण्याची सोय करणें होय. वाटेंत पंखा थांबला तर प्रथम शेवटचा वेग लावून पाहावा, हवा बाहेरून आंत येईल असें ठेवावें व कांचा थोड्या उघडाव्या. कांच बोटानें आंतून पुसली जात नसेल, तर धुकें बाहेरून आहे असें समजून वायपर लावावे. इतकें करूनही दिसत नसेल, तर रस्त्याच्या बाहेर सुरक्षित जागीं थांबावें. घरीं पोंचण्यास तासभर उशीर झाला तर जेवण निवेल, याहून अधिक कांहीं होत नाहीं.

आतां दर ज्येष्ठांत पुतण्या झरोक्यांतील पानें काढतो, आणि घरांत कोणत्याही यंत्राची घरघर ऐकूं आली कीं मातुःश्री विचारतात, "मिस्त्रींस सांगितलेंत का?" पूर्वीं आम्ही या प्रश्नास हंसत असूं. आतां उठून पाहावयास जातों.