दोष गॅस्केटचा नसतो

एप्रिल-मेमध्ये कसाऱ्याच्या नाहीतर खंबाटकीच्या चढावर गरम झालेल्या गाड्या आता गॅरेजांत येऊन उभ्या आहेत. कूलंटच्या टाकीत बुडबुडे, सायलेन्सरला पांढरा धूर, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल. हेड उतरते, नवे गॅस्केट पडते, गाडी जाते. त्यातल्या काही पावसाळा संपायच्या आत तीच तक्रार घेऊन परत येतात आणि खापर पार्टवर फुटते. डुप्लिकेट माल बाजारात आहे, हे खरेच. पण नावाजलेल्या कंपनीचे गॅस्केटही असेच उडते. ते का, हे समजून घ्यायचे तर हेडच्या आणि ब्लॉकच्या फेसकडे बघावे लागते.

जुनी गॅस्केटे, आधी अ‍ॅसबेस्टॉसची आणि नंतर ग्राफाइटची, मऊ होती. फेस थोडा खरखरीत असला तरी ती त्यात रुतून बसत आणि आपले उणेपण झाकून घेत. आपल्यापैकी अनेकांचे हात त्याच गॅस्केटांवर तयार झाले. आज बहुतेक गाड्यांत येते ते एमएलएस, म्हणजे स्टीलच्या अनेक पातळ पत्र्यांचे. प्रत्येक सिलिंडरभोवती पत्र्याला उठाव दिलेला असतो, तो स्प्रिंगसारखा दाबून राहतो, आणि वर रबराचा साधारण २५ मायक्रॉनचा लेप असतो. मोठा ओरखडा भरून काढायला या गॅस्केटजवळ काही नसतेच. जुन्या गॅस्केटला दोन मायक्रॉनच्या आसपासचा खरखरीतपणा चालायचा. एमएलएसला सहसा ०.८ मायक्रॉन किंवा त्याहून कमी लागतो. शिवाय कॉमन रेल डिझेलमध्ये स्फोटाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब दीडशे बारच्याही वर जातो. त्यात बिडाचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचे हेड, म्हणजे गरम होताना हेड ब्लॉकच्या जवळजवळ दुप्पट फुगणार. प्रत्येक वेळी गाडी तापली-निवली की हेड गॅस्केटवर सरकते. फेस गुळगुळीत नसेल तर ते लेप खरवडून टाकते.

म्हणून पहिला आग्रह असा, की हवेच्या ग्राइंडरला लावायची ती घासणीची डिस्क हेडवर आणि ब्लॉकवर चालवणे थांबवा. दोन सिलिंडरांच्या मधली अरुंद पट्टी डोळ्यांसमोर आणा. तिथे जुन्या गॅस्केटचा काळा थर चिकटलेला असतो, म्हणून डिस्क तिथेच जास्त वेळ फिरते. अ‍ॅल्युमिनियम मऊ, जळालेला कार्बन कडक. डिस्क कार्बनच्या आजूबाजूचे अ‍ॅल्युमिनियम आधी खाते. काही सेकंदांत उथळ खळगा पडतो, आणि फेस चकचकीत झाल्यामुळे काम छान झाले असेच वाटते. तिथे आडवी स्ट्रेट एज धरून मागून बॅटरीचा उजेड मारा, मग ती चकाकी काय लपवत होती ते दिसेल. त्यातच डिस्कमधून उडणारी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी ऑइलच्या वाटेत शिरते आणि बेअरिंगा खाते. जनरल मोटर्सने आपल्या डीलरांसाठी याच कारणाने खास सर्व्हिस बुलेटिन काढून अशा डिस्कबद्दल बजावले होते. गॅस्केट रिमूव्हर लावून थांबा, प्लास्टिकच्या स्क्रेपरने काढा, राहिलेले डाग ब्लेड आडवे धरून काढा. वेळ जास्त लागतो, आणि तो लागलाच पाहिजे.

मग माप. स्ट्रेट एज दोन्ही लांब कडांना, दोन्ही आखूड कडांना आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फिलर गेज घाला. मर्यादा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असते. बऱ्याच गाड्यांत ती ०.०५ मिलिमीटरच्या आसपास आहे. हेडचे माप आपल्यापैकी पुष्कळ जण घेतात. ब्लॉकचे फार थोडे, कारण ब्लॉक गाडीतच असतो, वाकून बघावे लागते आणि तो बाहेर काढायचा म्हणजे गिऱ्हाइकाला मोठा खर्च सांगावा लागतो. तरीही तो सांगितला पाहिजे. वाकलेल्या ब्लॉकवर फेस मारून आणलेले हेड बसवणे म्हणजे गिऱ्हाइकाचे अर्धे पैसे वाया घालवणे.

फेस मारण्याबद्दलही एक गोष्ट बजावून सांगतो. ओव्हरहेड कॅमचे हेड वाकते तेव्हा कॅमशाफ्टची घरेही त्याच्याबरोबर वाकतात. नुसता खालचा फेस सरळ केला तर वरची घरे तशीच वाकडी राहतात. कॅमशाफ्ट हाताने मोकळी फिरते का, हे हेड मशीन शॉपला जाण्याआधी आणि आल्यावर तपासा. डिझेलमध्ये पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो, हे डायल गेजने मोजून त्याप्रमाणे गॅस्केटची जाडी निवडावी लागते. फोक्सवॅगनच्या टीडीआय इंजिनांत हीच जाडी गॅस्केटच्या कडेवरच्या एक, दोन किंवा तीन भोकांनी ओळखतात. जुन्यावर जितकी भोके तितकीच नव्यावर, एवढ्यावर भागवू नका. पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड बदलला असेल तर पुन्हा मोजा.

बोल्टांच्या बाबतीत तर टॉर्क रेंचवर आपला भाबडा विश्वास आहे. आपण लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणायला लागतो. बाकीचा बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. आटे गंजलेले किंवा कचऱ्याने भरलेले असतील तर रेंच ‘टक’ म्हणते, पण हेड दाबलेलेच नसते. म्हणूनच आता कंपन्या आधी थोडा टॉर्क आणि मग ९० अंश, पुन्हा ९० अंश असे सांगतात. असे ताणले जाणारे बोल्ट एकदाच वापरायचे. मॅन्युअलने लांबी मोजून पुन्हा वापरायची मुभा दिली असेल तेवढाच अपवाद. ब्लॉकमधली भोके थ्रेड चेझरने साफ करा, टॅपने नव्हे, कारण टॅप चांगला धातूही काढून टाकतो. मग हवा मारून भोके कोरडी करा. बंद भोकात ऑइल किंवा पाणी राहिले आणि त्यावर बोल्ट आवळला, तर कोंडलेल्या दाबाने ब्लॉकला चीर जाते. असे फुटलेले ब्लॉक आम्ही पाहिले आहेत, आणि त्या गाडीच्या मालकाला काय सांगायचे हा प्रश्न कुणावरही येऊ नये.

सिलिकॉनचा विषय थोडक्यात. एमएलएसवर ते लावू नका. टायमिंग कव्हर आणि ब्लॉक जिथे भेटतात त्या सांध्यावर मॅन्युअल सांगते तेवढाच ठिपका.

रोव्हरचे के-सिरीज इंजिन गॅस्केटमुळे जगभर बदनाम झाले. पण तिथेही दोष एकट्या गॅस्केटचा नव्हता: हेड जागेवर धरणाऱ्या प्लास्टिकच्या पिना बदलून स्टीलच्या घालाव्या लागल्या, आणि लाइनर ब्लॉकच्या वर किती राहतो हे मोजणे कामाचा भाग झाले.

आपण काय करू शकतो? उडालेले गॅस्केट लगेच भंगारात टाकू नका. ते बाकड्यावर पसरा, काजळीचा माग कुठून कुठे गेला आहे ते पाहा आणि त्याच जागी हेड व ब्लॉक तपासा. थर्मोस्टॅट, पंखा, रेडिएटरचे झाकण, बोअरवेलच्या पाण्याने धरलेला क्षार, यातले ज्याने गाडी तापली ते कारण सापडल्याशिवाय गाडी सोडू नका. मापे जॉब कार्डवर लिहा: हेडची सहा, ब्लॉकची सहा. मशीन शॉपकडून फेसच्या खरखरीतपणाचा आकडा लेखी मागा. देत नसतील तर दुसरे शॉप शोधा. आणि या सगळ्याचे पैसे बिलात वेगळ्या ओळीवर लावा. गिऱ्हाईक घासाघीस करेल, पण आकडे समोर ठेवले तर ते ऐकते.