मोटारशर्यती : प्रेक्षक आहेत, हंगाम कुठे आहे?

अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींचे नियमन करणाऱ्या नॅसकार या संस्थेने जानेवारी २०२६ मध्ये विजेतेपद ठरविण्याची आपली पद्धत बदलली. या निर्णयामागे प्रेक्षकांची अनेक वर्षांची नाराजी होती. भारतातील मोटारशर्यतींच्या शौकिनांनी या घटनेची नोंद घ्यायला हवी. तिथला प्रेक्षक नियमांवरून भांडतो. आपल्याकडच्या प्रेक्षकाला मात्र पुढची शर्यत होणार की नाही, हाच प्रश्न पडलेला असतो.

स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात विक्रीस ठेवलेली, कोणताही फेरफार न केलेली मोटार. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे नॅसकारची या प्रकारची पहिली शर्यत झाली. प्रथम आलेल्या ग्लेन डनवे याच्या गाडीच्या मागील स्प्रिंगांमध्ये बदल केल्याचे तपासणीत आढळले. त्याला अपात्र ठरवून जिम रोपर याला विजयी घोषित करण्यात आले. आपल्या अंगणात उभी असते तशीच गाडी ट्रॅकवर धावते आहे, ही भावना या खेळाच्या लोकप्रियतेचा पाया ठरली. आजच्या शर्यतीच्या गाड्या तशा राहिलेल्या नाहीत. २०२२ पासून वापरात आलेल्या नव्या पिढीच्या गाड्यांचे बहुतेक सुटे भाग ठरावीक पुरवठादारांकडून येतात. त्यामुळे सर्व गाड्या सारख्याच झाल्या आणि छोट्या ट्रॅकवर पुढच्या गाडीला मागे टाकणे अवघड बनले, अशी जुन्या चाहत्यांची तक्रार आहे.

त्याहून मोठा रोष बाद फेरीच्या पद्धतीवर होता. २०१४ पासून वर्षाचे विजेतेपद चार चालकांमधील एकाच अंतिम शर्यतीवर ठरू लागले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी फिनिक्स येथे डेनी हॅमलिन दोनशेहून अधिक फेऱ्यांमध्ये आघाडीवर होता. अखेरच्या काही फेऱ्या उरल्या असताना सावधगिरीचा पिवळा झेंडा फडकला आणि सगळे चित्र पालटले. विजेतेपद काइल लार्सन याला मिळाले. त्या शर्यतीत तो एकाही फेरीत आघाडीवर नव्हता. नियमानुसार निकाल निर्विवाद होता, पण वर्षभराच्या कष्टांचे मोल एका दिवसाच्या नशिबावर ठरावे का, हा प्रश्न ऐरणीवर आला. नव्या पद्धतीत अखेरच्या दहा शर्यतींमधील गुणांची बेरीज करून सोळा चालकांमधून विजेता निवडला जाणार आहे. सातत्याला पुन्हा किंमत मिळावी, ही चाहत्यांची मागणी बऱ्याच अंशी मान्य झाली आहे.

या खेळाशी भारताचा संबंध आला तोही चाहत्यांमुळेच ठळक झाला. फॉर्म्युला वनमधील पहिला भारतीय चालक नारायण कार्तिकेयन २७ मार्च २०१० रोजी मार्टिन्सव्हिल येथे नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला आणि तेराव्या स्थानी राहिला. त्या वर्षी त्याने मालिकेतील मोजक्याच शर्यतींत भाग घेतला. तरीही वर्षअखेरीस चाहत्यांच्या मतदानातून मालिकेतील सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून त्याचीच निवड झाली. भारतात या खेळाला प्रेक्षकच नाही, हे विधान या एका निकालासमोर टिकत नाही.

प्रेक्षक आहे, त्याला पाहायला काय मिळते, हा खरा प्रश्न आहे. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन शर्यत झाली. हा खेळ की मनोरंजन, यावरून करांचे वाद उद्भवले आणि शर्यत बंद पडली. या सर्किटवरील उत्पन्नावर भारतात कर देय असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल २०१७ रोजी दिला. त्याच सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी दुचाकी शर्यत झाली, पण पुढच्या वर्षी ती झाली नाही. हैदराबादेत फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवर चालणाऱ्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली. राज्यातील सत्तांतरानंतर २०२४ ची शर्यत रद्द करण्यात आली. उद्घाटनाचा गाजावाजा आणि नंतरची शांतता, हा क्रम आता शौकिनांच्या अंगवळणी पडला आहे.

सर्वसामान्यांच्या गाडीशी नाते सांगणाऱ्या शर्यती आपल्याकडेही झाल्या. पुण्याजवळच्या चाकण येथे तेव्हा तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलो गाडीवर आधारित स्पर्धा २०१० मध्ये सुरू झाली. पुढे टोयोटाने इटिऑस गाडीची मालिका घेतली. शेजाऱ्याच्या दारात दिसणारी गाडी वळणावर झेपावताना पाहणे हा नव्या प्रेक्षकासाठी खेळाकडे येण्याचा सर्वांत सोपा मार्ग होता. परंतु अशा स्पर्धा कंपनीच्या विक्री धोरणाशी बांधलेल्या असतात. गाडी बाजारातून गेली किंवा जाहिरातीचा खर्च आटला की स्पर्धाही संपते आणि प्रेक्षकाला पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागते.

अंतराचा प्रश्न वेगळाच आहे. पोलाद कारखान्याभोवती वसलेल्या भिलाईतील सेक्टर १० मध्ये राहणाऱ्या एखाद्या शौकिनाचा विचार करावा. चेन्नई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडा यांपैकी कोणताही प्रमुख ट्रॅक त्याला रस्त्याने हजार किलोमीटरहून दूर आहे. पोलादनगरीत राहूनही पोलादाचा हा वेग त्याला पडद्यावरच पाहावा लागतो. शर्यतीची तारीख सहा महिने आधी पक्की नसेल, तर रजा, रेल्वेचे आरक्षण आणि मुलांच्या परीक्षा यांचा मेळ त्याने कसा घालावा?

याचा फटका खेळाडूंनाही बसतो. कोल्हापूरसारख्या शहराने कार्टिंगची आवड जोपासली. तेथील कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचला. पण देशातच भरवशाचा हंगाम नसेल, तर प्रायोजक मिळत नाहीत आणि पुढचा टप्पा परदेशी खर्च झेपणाऱ्या कुटुंबांपुरताच मर्यादित राहतो.

शर्यतींच्या विरोधातील मतही विचारात घ्यायला हवे. रस्ते खराब असलेल्या देशात शर्यतीवर सरकारी पैसा का खर्च करावा, हा आक्षेप गैर नाही. किंबहुना त्यामुळेच एका दिवसाच्या रोषणाईवर मोठी रक्कम घालण्यापेक्षा आहे त्या ट्रॅकवर स्वस्त तिकिटांत, ठरलेल्या तारखांना देशी स्पर्धा घेणे अधिक सयुक्तिक ठरते.

नॅसकारच्या चाहत्यांचे म्हणणे ऐकले गेले, कारण १९४९ पासून दरवर्षी शर्यती होत राहिल्या आणि रिकाम्या खुर्च्यांचा अर्थ आयोजकांना कळत गेला. जिथे पुढच्या वर्षी खुर्चीच मांडली जात नाही, तिथे प्रेक्षकाने नाराजी तरी कशी नोंदवायची? भारतीय मोटारशर्यतींना आज महोत्सवापेक्षा हंगामाची गरज अधिक आहे.