उंदराच्या पंजावर अडलेली निर्गुडी

ओढ्याच्या काठी, शेताच्या बांधावर, पडीक जागेत वाढणारी निर्गुडी महाराष्ट्रात कोणाला मुद्दाम लावावी लागत नाही. गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ती कुंपणालाही चालते. गुडघा सुजला, कंबर धरली, पाय मुरगळला की तिचा पाला तव्यावर गरम करून बांधायचा किंवा पाण्यात उकळून त्या पाण्याने शेकायचे, हे गावोगाव ठाऊक आहे. वैद्य तिला वातहर म्हणतात, आणि निर्गुडी तेलाची बाटली तालुक्याच्या कोणत्याही औषधांच्या दुकानात मिळते. विज्ञानानेही तिची दखल घेतली नाही असे नाही. २००३ मध्ये श्रीलंकेतील संशोधकांनी तिच्या ताज्या, जून पानांचा पाण्यातला अर्क उंदरांना पाजला. सूज आणि वेदना दोन्ही कमी झाल्याचे त्यांना दिसले आणि तो अभ्यास त्यांनी प्रसिद्ध केला. भारतातील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतही निर्गुडीवर असे प्रयोग होत आले आहेत.

तरीही गुडघेदुखीने बेजार झालेल्या बाईने साधे प्रश्न विचारले, तर त्यांना नेमके उत्तर नाही. निर्गुडीने माझे दुखणे किती कमी होईल? किती दिवस वापरावी लागेल? रक्तदाबाची गोळी चालू असताना काढा घेतला तर चालेल का? शेक घेतल्यावर आराम पडतो तो पाल्याचा की नुसत्या उष्णतेचा? निर्गुडीची तपासणी उंदराच्या पंजापर्यंत जाऊन तिथेच थांबते, आणि दुसऱ्या महाविद्यालयात पुन्हा त्याच पंजापासून सुरू होते.

हा प्रयोग नेमका काय सांगतो, हे समजून घेतले पाहिजे. उंदराला आधी अर्क दिला जातो. मग त्याच्या मागच्या पायाच्या पंजात कॅरागीनन टोचतात. समुद्रातील लाल शेवाळापासून मिळणारा हा पदार्थ आहे. त्याने पंजा सुजतो. आधी हिस्टामिनसारखी द्रव्ये आणि नंतर प्रोस्टाग्लँडिन या सुजेला कारण होतात. पंजाचे आकारमान ठरावीक वेळाने मोजून डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिन हे नेहमीचे वेदनाशामक दिलेल्या उंदरांशी तुलना केली जाते. वेदनेसाठी गरम पट्टीची चाचणी असते, पोटात अ‍ॅसेटिक आम्ल टोचून उंदीर किती वेळा पिळवटतो हे मोजण्याची चाचणीही असते. १९६२ पासून कॅरागीननची पद्धत जगभर वापरली जात आहे आणि ती निरुपयोगी नाही. अर्कात सूज रोखणारे काही आहे का, याची पहिली चाहूल तिच्यातून लागते.

पण पंजाची ही सूज काही तासांची असते. माणसाचा गुडघा वर्षानुवर्षे झिजतो. अर्काने उंदीर सुस्तावला किंवा त्याचे स्नायू ढिले पडले, तरी तो गरम पट्टीवरून पाय उशिरा उचलतो आणि कागदावर त्याची नोंद वेदनाशमन अशी होते. कोणत्या उंदराला काय दिले हे मोजणाऱ्यालाच माहीत असेल, तर मोजमाप नकळत एका बाजूला झुकते. शिवाय प्रयोगशाळेत पुष्कळदा अल्कोहोलमधला अर्क तपासला जातो. गावात लोक पाला बांधतात किंवा तेल चोळतात. लोक जे वापरतात ते तपासले जात नाही आणि जे तपासले जाते ते कोणी वापरत नाही. या प्रयोगांत हजारो प्राण्यांचा जीव जातो. त्यातून माणसासाठी पुढचे पाऊल पडणार नसेल, तर त्या जिवांचाही हा अपमान आहे.

पुढचे पाऊल अवघड असले, तरी अशक्य नाही. ते महाराष्ट्रातच पडलेले आहे. सातपुड्याच्या आणि विदर्भाच्या कोरड्या उतारांवर सालई वाढते. तिच्या खोडाला चीर दिली की सुगंधी डिंक पाझरतो. धूप म्हणून आपण तो जाळतो आणि आयुर्वेद त्याला शल्लकी म्हणतो. नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या डिंकाच्या अर्काची चाचणी गुडघ्याची झीज झालेल्या ३० रुग्णांवर झाली. २००३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्म्या रुग्णांना ८ आठवडे अर्क दिला, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. मध्ये काही काळ औषध थांबवून मग दोन्ही गटांची अदलाबदल केली. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णाला माहीत नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. अर्क घेताना दुखणे कमी झाले, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले. एक्स-रेमध्ये मात्र काहीही फरक दिसला नाही, आणि संशोधकांनी तेही नोंदवले. अवघे ३० रुग्ण आणि एका सरकारी महाविद्यालयातील साधने एवढ्यावर हे काम उभे राहिले. पुढे इतरत्र झालेल्या अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये घेतला. सालईच्या विशिष्ट अर्काने शंभरपैकी सुमारे १७ गुणांनी वेदना कमी होते, असे त्यात दिसले. चाचण्या मोजक्याच होत्या, पण रुग्णाला सांगता येईल असा आकडा हाती आला.

दुसरे उदाहरण पुण्याचे. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने १९९६ पासून भिगवण परिसरात घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी जवळजवळ १८ टक्के लोकांना असे काही ना काही दुखणे होते. खेड्यातल्या माणसाचे हे दुखणे इतके सर्वसाधारण आहे की कोणी त्याला आजारच म्हणत नाही. याच गटाच्या पुढाकाराने केंद्र सरकारच्या योजनेखाली एक मोठी चाचणी झाली. सुंठ, गुळवेल, आवळा, सालई अशा वनस्पतींच्या दोन मिश्रणांची तुलना त्यांनी सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक आणि सांध्यांसाठी दिले जाणारे ग्लुकोसामाइन यांच्याशी केली. ४४० रुग्ण, २४ आठवडे, आणि तीही नागपूरप्रमाणे दोन्ही बाजूंनी झाकलेली चाचणी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वनस्पतींची मिश्रणे वेदना कमी करण्यात सेलेकॉक्सिबच्या तोडीची ठरली.

या चाचणीतला अधिक मोलाचा निष्कर्ष मात्र वेगळा आहे असे आम्हाला वाटते. वनस्पतींची औषधे घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात यकृताचे एसजीपीटी हे विकर वाढले. त्यांना कसलाही त्रास होत नव्हता. सात जणांचे औषध थांबवले, तेव्हा पातळी पूर्ववत झाली. संशोधकांनी हे लपवले नाही आणि सुरक्षिततेचा आणखी अभ्यास हवा असे स्वच्छ लिहिले. काटेकोर चाचणी झालीच नसती, तर ही वाढ कोणाच्या ध्यानातही आली नसती. पुढे करोनाकाळात, २०२० च्या अखेरीस, गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांना यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, याची ओळख पटवलेली नाही, हा त्यातला एक मुद्दा होता. आक्षेप रास्त आहे. पण तोच प्रश्न बाजारातल्या प्रत्येक पुडीलाही विचारला पाहिजे. आत गुळवेल आहे की तिची बहीण, हे रोगी कसे ओळखणार? आणि ग्रंथोक्त औषधाला परवाना देताना माणसांवरील चाचणीची अटच कायद्यात नसेल, तर ही ओळख पटवणार तरी कोण?

दुखण्यावर रोज गोळ्या खाणारा वर्ग डोळ्यांसमोर आणला की हा प्रश्न अभ्यासकांपुरता राहत नाही. उसाच्या फडात कोयता चालवणारी बाई, हमाली करणारा माणूस, भात लावणीत दिवसभर वाकून राहणारे हात, हे सगळे पेनकिलरच्या गोळीवर दिवस काढतात. ही औषधे बराच काळ घेतली की जठराला व्रण पडू शकतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. उन्हात, पाणी कमी पिऊन घेतली तर अधिकच. याच वर्गाला आठवडी बाजारात संधिवाताची म्हणून 'जडीबुटीची पुडी' विकली जाते. त्यात स्टेरॉइड मिसळलेले असले की आराम चटकन पडतो आणि विकणाऱ्याचे नाव होते. हाडे ठिसूळ व्हायला आणि साखर वाढायला वेळ लागतो, तोवर विकणारा पुढच्या बाजारात असतो. निर्गुडीच्या लेपाने या लोकांच्या गोळ्या आठवड्याला चारने कमी झाल्या, तरी ते आरोग्याचे मोठे काम ठरेल. म्हणून ती खरोखर कमी करते का, हे तपासायला आपण बांधील आहोत.

नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ हे काम करू शकते. आयुर्वेदाची आणि आधुनिक वैद्यकाची महाविद्यालये एकाच विद्यापीठाखाली असणे ही या कामासाठी मोठी सोय आहे. पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रबंधासाठी तीस-चाळीस रुग्ण जमवतात. प्रत्येकाचा विषय निराळा, मापे निराळी, म्हणून त्या आकड्यांची बेरीज होत नाही. विद्यापीठाने एक वनस्पती, एक दुखणे आणि एकच आराखडा ठरवून दिला, तर दहा महाविद्यालयांतून तीन-चार वर्षांत शेकडो रुग्णांची विश्वासार्ह चाचणी उभी राहील. सुरुवात निर्गुडी तेलापासून करावी, कारण ते लोक आजही वापरतात. पाल्याचा हंगाम आणि ठिकाण ठरवावे, नमुना वनस्पतिसंग्रहात जपून ठेवावा, तेल कसे काढले ते लिहावे. निर्गुडीचा वास उग्र असतो, त्यामुळे बनावट तेल रुग्णाला लगेच ओळखू येईल ही अडचण खरी आहे. तुलनेच्या तेलाला तसाच वास देणे किंवा दुसरे सुगंधी वनस्पतितेल वापरणे, हे त्यावरचे मार्ग आहेत. शेकाची तुलना साध्या गरम कापडाच्या शेकाशी करता येईल. रुग्णांच्या यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या ठरावीक अंतराने झाल्याच पाहिजेत. चाचणी सुरू होण्याआधी राष्ट्रीय नोंदणीत तिची नोंद करावी आणि निकाल कसाही लागला तरी तो प्रसिद्ध करण्याचे बंधन घालावे. तपासणीला भिणारा आयुर्वेदाचा कैवारी आणि तपासणीआधीच नाक मुरडणारा डॉक्टर, या दोघांनाही या कामात सामील करून घ्यावे.

वनस्पतीची अशी शिस्तशीर तपासणी मुंबईत पूर्वी घडलेली आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील सर्पगंधेचा अनुभव एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले, कोट्यवधी लोकांनी ते घेतले. त्याने काहींना नैराश्य येते हेही पुढे कळले आणि वापर आवरता घेण्यात आला. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेद संशोधन केंद्रात गुळवेलीवर काम केले, ते औषधशास्त्राच्या शिस्तीत. हा वारसा आपला आहे आणि तो चालवायला आज राज्याकडे महाविद्यालये, तज्ज्ञ आणि पैसा त्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त आहे.

एक गोष्ट यात सुटता कामा नये. निर्गुडी वाढवावी लागत नाही, पण सालई तशी नाही. डिंकासाठी खोल आणि वारंवार चिरा पडल्या की झाड खंगते. औषध म्हणून मागणी वाढली आणि जंगलाचा विचार झाला नाही, तर डिंक गोळा करणाऱ्या आदिवासींच्या हातचे कामच जाईल. जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने आयुष क्षेत्राला लाभवाटपात बरीच सूट दिली आहे. राज्याने निदान आपल्या पैशांतून होणाऱ्या संशोधनात ही सूट घेऊ नये. ज्या गावांतून पाला, डिंक आणि माहिती घेतली जाईल, त्यांच्या जैवविविधता समितीशी चाचणी सुरू होण्यापूर्वी करार व्हावा, वैदूंची माहिती लोक जैवविविधता नोंदवहीत त्यांच्या नावाने लिहिली जावी आणि पुढे कोणत्या कंपनीने औषध बाजारात आणले तर त्यातला वाटा त्या गावाला देण्याची तरतूद करारातच असावी. विद्यापीठाने या वर्षीचे प्रबंधविषय मंजूर करण्याआधी हा आराखडा जाहीर करावा, आणि पहिल्या तीन वर्षांचा खर्च वैद्यकीय शिक्षण खात्याने येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावा.