नोंद मार्कांसाठी नसते

शाळेचा प्रकल्प म्हटला की घरोघरी काय होते, हे पालकांना वेगळे सांगायला नको. आदल्या रात्री पुठ्ठा, डिंक, नेटवरची चित्रे आणि आईची झोपमोड! आता काही शाळांतली मुले 'आयनॅचरलिस्ट'सारख्या संकेतस्थळांवर झाडाझुडपांचे, फुलपाखरांचे फोटो टाकू लागली आहेत. उपक्रम उत्तमच. पण पुठ्ठ्याचा प्रकल्प वर्षअखेर माळ्यावर जातो; ही नोंद मात्र जगाच्या दप्तरी जमा होते.

ते दप्तर किती मोलाचे, पाहा. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३ चा अहवाल तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांनी 'ईबर्ड'वर टाकलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. कोणते पक्षी घटले, कोणते वाढले, हे त्यांतूनच कळले.

अशा ठिकाणी 'पन्नास नोंदी करा, वीस मार्क मिळवा' असे फर्मान निघाले तर काय होईल? कुंडीतला गुलाब रानातला म्हणून जाईल आणि नेटवरचा वाघ सोसायटीच्या आवारात अवतरेल! आयनॅचरलिस्टवर नोंद संशोधनयोग्य ठरायला ओळखीबाबत किमान दोघांचे एकमत लागते. बँकेत आमच्याकडेही व्हाउचरवर दोन सह्या लागत. पण दुसरी सही न वाचता ठोकली, तर चुकीवर शिक्कामोर्तब तेवढे होते. एका बाकावरचे दोघे मित्र परस्परांच्या नोंदींना 'बरोबर' म्हणत सुटले, की तेच घडते.

दुसरी काळजी खुद्द मुलांची. मोबाइल फोटोबरोबर ठिकाणही टिपू शकतो. अंगणातल्या तुळशीवरचे फुलपाखरू टाकताना घराचा पत्ता चव्हाट्यावर यायला नको. ठिकाण झाकण्याची सोय तिथे आहे. ती आधी शिकवावी. तेरा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय तिथे खाते काढता येत नाही. खोटे वय घालणे हा विज्ञानाचा पहिला धडा असू नये. लहानांसाठी खाते न लागणारे 'सीक' हे ॲप आहेच.

माझे म्हणणे एवढेच, की सरांनी, बाईंनी आधी महिनाभर स्वतः नोंदी कराव्यात. मग वर्गाला एकच झाड द्यावे. 'सीझनवॉच' उपक्रमात दर आठवड्याला झाडाची पालवी, फुले, फळे पाहून लिहितात. फूल नसेल तर 'नाही' असेच लिहायचे.

आणि ओळख पटली नाही म्हणून 'माहीत नाही' असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलाला पैकीच्या पैकी मार्क द्यावेत.