पाल म्हणा, ऑनिंग म्हणा

मागच्या आठवड्यात आमच्या जुन्या ओम्नीला एका बाजूनं ताडपत्रीचं छप्पर जोडलं. गाडीत झोपायला फळी आहे, शेगडी आहे, पण ऊन-पावसात बाहेर पाय पसरून बसायची सोय नव्हती. नागापूरला घरासमोर ते ताणून बघत होतो, तेवढ्यात आमचे एक नातेवाईक (नाव घेत नाही, ते हा ब्लॉग वाचतात) फाटकातूनच म्हणाले, "हे काय, पाल ठोकलंस का? अगदी ऊसतोड्यासारखं दिसतंय. चांगलं ऑनिंग विकत घे की!"

तेव्हा हसण्यावारी नेलं. पण वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसलो.

काका, एक तर तुमचं बरोबर आहे. ते ऊसतोड्यासारखं दिसतं, कारण ते त्यांच्याकडूनच शिकलोय.

माझा पहिला प्रयत्न गेल्या पावसाळ्यातला. हुशारी करून ताडपत्री चारी बाजूंनी तबल्याच्या पानासारखी ताणली. भंडारदऱ्याला रात्री पाऊस आला आणि तिला पोट सुटलं. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी साचलं तरी दहा किलो वजन होतं, हे शाळेतलं गणित तेव्हा कुठे आठवलं! पहाटे कॅरिअरचा क्लॅम्प वाकला आणि सगळं पाणी शेगडीवर.

दिवाळीनंतर नगर-मनमाड रस्त्यावर एका टोळीचा ट्रॅक्टर पंक्चर होऊन थांबलेला दिसला. चाक निघेपर्यंत बायकांनी ट्रॉलीच्या कडेला ताडपत्री बांधून लेकरांना सावलीत बसवलंसुद्धा. मी मुद्दाम थांबून बघितलं. त्यातल्या एका आजींनी हसत सगळं समजावलं. वरची कड गाडीला पक्की बांधायची. बाहेरची कड दोन बांबूंवर घ्यायची, पण एक बांबू वीतभर आखूड ठेवायचा, म्हणजे पाणी त्या कोपऱ्यातून वाहून जातं. दोरी आणि ताडपत्री यांच्यामध्ये टायरच्या जुन्या ट्यूबची पट्टी घालायची. वाऱ्याचा झटका ती खाते, कापड फाटत नाही. आणि गाठ सरकगाठ, एका ओढीत सुटणारी, कारण निघायची वेळ आपल्या हातात नसते.

आज माझ्या गाडीवर हेच आहे. बारा बाय नऊची ताडपत्री, दोन बांबू, नायलॉनची दोरी, चार खुंट्या. खर्च दीड हजाराच्या आत. तयार ऑनिंग वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. ते झटकन उघडतं, कापडही चांगलं असतं. ज्याला परवडतं त्यानं जरूर घ्यावं. माझा राग त्या "ऊसतोड्यासारखं" वर आहे.

त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून पंढरपूरला जाते. दिंडीच्या ट्रकला ताडपत्री बांधून वारकरी खाली पंगती मांडतात. तिथे आपण वाकून नमस्कार करतो. पर्यटक तेच करतो तेव्हा त्याला कॅम्पिंग म्हणतो. राज्य सरकारनं तर 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. गाडीत राहणाऱ्या पाहुण्यांसाठी पाणी, वीज, स्वच्छतागृहं असलेले तळ असावेत म्हणून. चांगली गोष्ट आहे. मीही वापरीन.

पण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत बीडहून, आपल्याच पाथर्डी-शेवगावहून येणारा 'कोयता', म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाची उचल फेडत पाचटाच्या नाहीतर प्लास्टिकच्या कोपीत राहते. त्यांच्या कितीतरी तळांवर आजही संडास नाही, दिवा नाही. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू होऊन पाऊणशे वर्षं झाली. सहकाराचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. पण पाऊणशे वर्षांत ऊस तोडणाऱ्याचं छप्पर बदललं नाही, आणि आपण नावं ठेवतो ती त्या छपराला!

आता तुम्ही म्हणाल, तू हौसेनं बांधतोस, ते नाइलाजानं. कशाला गरिबीचं कौतुक? मान्य. मी रविवारी संध्याकाळी छप्पर गुंडाळून पक्क्या घरात येतो, ते येत नाहीत. म्हणूनच कोपीत मजा असते असं मी कधी म्हणणार नाही. त्यांना पक्का निवारा मिळायलाच हवा. पण त्यांच्या अंगी असलेली विद्या ही विद्याच आहे, आणि ती ज्याला येते त्याचं नाव शिवीसारखं वापरायचं नसतं. लाज वाटायचीच असेल तर ताडपत्रीची नको. तिच्याखाली सहा-सहा महिने संसार करावा लागतो आणि त्या उसाची साखर आपण चहात घालतो, त्याची वाटू दे.

असो. जरा जास्तच बोललो असेन, काका, राग मानू नका. येत्या रविवारी घरी या. चहा ठेवतो.

पालाखालीच बसू.