तंबाखूच्या धंद्यात यंत्र का येत नाही?

जबलपूर हे यंत्रांचे शहर आहे. तोफगाड्यांचा कारखाना येथे १९०४ साली उभा राहिला. पुढे खमरियाची दारूगोळ्याची फॅक्टरी आली आणि १९६९ साली लष्करी वाहनांचा कारखाना आला. शेतीची अवजारे व यंत्रे यांचे शिक्षण देणारे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयही १९६४ पासून याच शहरात आहे. आणि त्याच शहराच्या वस्त्यांत हजारो स्त्रिया मांडीवर सूप घेऊन, एक कात्री आणि एक पत्र्याचा फर्मा एवढ्या साधनांवर दिवसभर बिड्या वळतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मोहनलाल हरगोविंददास यांच्यासारख्या गुजराती व्यापाऱ्यांनी येथे या धंद्याचा पाया घातला आणि जबलपूर–गोंदिया या छोट्या रेल्वेमार्गाच्या कडेने तो भंडारा जिल्ह्यापर्यंत पसरला. त्या छोट्या मार्गाची आता मोठी लाइन झाली आहे. बिडी वळणाऱ्या स्त्रीच्या हातातील साधनांत मात्र शंभर वर्षांत काही भर पडलेली नाही.

असे का झाले, याचे ठराविक उत्तर मालकवर्गाच्या तोंडी नेहमी असते: तेंदूचे पान ठिसूळ असते, प्रत्येक पान वेगळे असते, यंत्राला ते जमत नाही. या उत्तरात थोडे तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. केंद्रीय अबकारी कराच्या दरपत्रकात यंत्राविना बनवलेल्या बिडीसाठी कमी दर आणि यंत्राने बनवलेल्या बिडीसाठी अधिक दर अशी विभागणी वर्षानुवर्षे होती. यंत्राने बिडी बनूच शकत नसती, तर तिच्यासाठी निराळा वर्ग करण्याचे कारणच उरले नसते. खरे कारण मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात सांगून ठेवले आहे. दगड फोडण्याचे यंत्र निघाले तरी इंग्लंडमध्ये ते वापरले जात नव्हते, कारण ते काम करणाऱ्या अभाग्याच्या श्रमाचा इतका थोडा भाग मालकाला विकत घ्यावा लागे की यंत्र महाग पडे. जबलपूरच्या बिडीला हे शब्दशः लागू पडते. यंत्र घ्यायचे तर इमारत हवी, वीज हवी, गुंतवलेल्या भांडवलावरील व्याज हवे. घरी बसून वळणारी स्त्री छप्पर स्वतःचे देते, दिवा स्वतःचा देते, आणि बंडले बांधायला मुलांचे हातही देते.

या व्यवस्थेचा खांब म्हणजे सट्टेदार. हा शब्द मराठीत आणताना अडचण होते, कारण आपल्याकडे सट्टा म्हटले की जुगार आठवतो. महाकोशलात सट्टा म्हणजे करार. सट्टेदार कारखान्यातून पान आणि तंबाखू उचलतो, घरोघर वाटतो, वळलेल्या बिड्या गोळा करतो आणि 'छाट' म्हणून त्यांतील काही बाजूला काढतो. छाटीतल्या बिडीची मजुरी मिळत नाही. बिडी मात्र बहुधा परतही मिळत नाही. मालक आणि कामगार यांच्यामध्ये हा माणूस उभा असल्यामुळेच सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली, सागरच्या एका बिडी कारखान्याच्या प्रकरणात, सट्टेदार आणि त्याने लावलेली माणसे ही कारखाना कायद्याखाली त्या कारखान्याचे कामगार ठरत नाहीत असा निर्णय दिला. घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानणारा बिडी व सिगार कामगार कायदा १९६६ साली झाला तो ही पळवाट बुजवण्यासाठी. मालकांनी त्यालाही आव्हान दिले आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. दरम्यान १९६८ मध्ये केरळच्या सरकारने तो अमलात आणताच मोठ्या मालकांनी तेथील काम बंद केले. त्या बेकारीतून १९६९ साली कण्णूरची दिनेश बिडी सहकारी संस्था उभी राहिली आणि भरभराटीच्या काळात तिने सुमारे ४२ हजार कामगारांना काम दिले. मध्य प्रदेशात अथवा विदर्भात असे काही घडले नाही, हे आपल्याला बोचले पाहिजे.

आता हा १९६६ चा कायदाच उरलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि तो कायदा त्यांतील एका संहितेत विरघळवण्यात आला. १९७६ साली कामगारांच्या दवाखान्यांसाठी, घरांसाठी व मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठी बिडीवर बसवलेला उपकर वस्तू व सेवा कर आला तेव्हा, म्हणजे २०१७ मध्ये, रद्द झाला होता. याउलट सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने बिडीवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणि बिडीच्या पानावरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. कारण सांगितले जाते ते नेहमी गरीब बिडी कामगाराचे! करातील या कपातीचा ठरावीक हिस्सा मजुरीत गेलाच पाहिजे, अशी एका ओळीची अटही त्यासोबत नाही.

पण यंत्राचा प्रश्न केवळ बिडी वळण्यापुरता पाहणे चुकीचे होईल. जबलपूरच्या बिडीतील पान जवळच्या जंगलातले असते. तंबाखू मात्र प्रामुख्याने गुजरातमधील चरोतर आणि आपल्या सीमाभागातील निपाणी या पट्ट्यांत पिकते. शेतातील ओल्या पानांतील निकोटीन कापणी करणाऱ्याच्या कातडीतून अंगात भिनते. मळमळ, उलट्या, भोवळ ही लक्षणे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी गुजरातच्या तंबाखू मजुरांत तपासून नोंदवली आहेत. नंतर वाळलेला पाला झोडपणे, चाळणे, पाखडणे, पोती भरणे ही कामे येतात आणि धुळीचा खरा मारा येथे होतो. निपाणीच्या वखारींतील स्त्रियांनी १९८० च्या सुमारास चिकोडी तालुका कामगार महासंघात संघटित होऊन याविरुद्ध आवाज उठवला. १९८१ च्या निपाणी आंदोलनाचा उल्लेख निघाला की ६ एप्रिलच्या गोळीबारात बळी पडलेले बारा शेतकरी आठवतात आणि आठवलेच पाहिजेत. परंतु ते आंदोलन तंबाखूच्या भावाचे होते. चाळणीपाशी बसलेल्या बाईच्या मजुरीचा आणि फुप्फुसांचा लढा तिला वेगळा लढावा लागला.

या कामाला यंत्र नाही असे कोणता अभियंता म्हणेल? बंदिस्त चाळण्या आणि धूळ ओढून घेणारे पंखे यांत शोध लावण्यासारखे काही नाही. निकोटीनने भिजलेली रोपे माणसाच्या अंगाशी न येता कापून वाहून नेण्याची सोय कृषी विश्वविद्यालयांच्या आवाक्याबाहेरची नव्हे. ती होत नाही, कारण झोडपणारा हात स्वस्त आहे.

येथे आपल्याच काही साथींशी मतभेद नोंदवणे भाग आहे. यंत्र आले की बेकारी आली, म्हणून यंत्र येऊच देऊ नये, अशी भूमिका तंबाखू आणि बिडी क्षेत्रातील अनेक कार्यकर्ते घेतात. त्यांची भीती खोटी नाही. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यात, विन्स्टन-सेलम येथे, रेनल्ड्स कंपनीच्या कारखान्यात पानांची शीर काढणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी जून १९४३ मध्ये काम थांबवले आणि त्यातून 'लोकल २२' ही लढाऊ युनियन उभी राहिली. तिच्या नेतृत्वात कम्युनिस्ट होते. मजुरी वाढू लागताच कंपनीने नेमक्या त्याच विभागांत यंत्रे बसवली, म्हणजे युनियनचा जो गाभा होता तोच तिने कापून काढला. कम्युनिस्टविरोधी मोहीम जोडीला होतीच. १९५० मध्ये युनियनची मान्यता गेली. पुढे १९७० नंतर तेथील शेतांतही कापणीयंत्रे पसरली आणि लहान कुळे जमिनीवरून हटली.

या उदाहरणातून मी काढतो तो निष्कर्ष मात्र निराळा आहे. विन्स्टन-सेलमच्या कामगारांचा पराभव झाला तो यंत्र कधी, कोठे आणि कोणत्या अटींवर बसवायचे हे एकट्या मालकाने ठरवल्यामुळे. आपण 'यंत्र नको' एवढेच म्हणत राहिलो, तर प्रत्यक्षात आपण स्त्रीच्या श्रमाच्या स्वस्तपणाचे रक्षण करतो. शिवाय ती नोकरीही तशी टिकत नाही. देशव्यापी पाहणीनुसार बिडी ओढणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१० मध्ये ९.२ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये ७.७ टक्क्यांवर आले. ही घट आरोग्याच्या दृष्टीने स्वागतार्हच आहे आणि कोणत्याही कम्युनिस्टाने बिडी अधिक खपावी अशी इच्छा धरू नये. परंतु तिचा भार आज एकट्या वळणाऱ्या स्त्रीवर, काम मिळण्याचे दिवस कमी होण्याच्या रूपाने, पडत आहे. यंत्र न येताच ती हळूहळू बेकार होत आहे आणि तिला कोणी भरपाई देत नाही, कारण तिला कामावरून कोणी काढलेलेच नसते.

म्हणून मागण्यांचा क्रम स्पष्ट असावा. झोडपणे, चाळणे, ओल्या रोपांची हाताळणी या विषारी कामांत यंत्र आले पाहिजे, आणि ज्या स्त्रिया ते काम आज करतात त्यांनाच त्या यंत्रावर प्रशिक्षण देऊन पूर्ण मजुरीने ठेवले पाहिजे. बिडी वळण्याच्या यंत्राची मागणी आज मी करणार नाही. देशातील सुमारे ५० लाख नोंदलेल्या कामगारांपुढे दुसरे काम उभे राहण्यापूर्वी ती करणे निर्दयपणाचे होईल. दुसरे काम कसे उभे राहते याचे एक उदाहरण कण्णूरच्याच संस्थेने दिले आहे. बिडीचा खप घटू लागल्यावर तिने खाद्यपदार्थ, छत्र्या, कपडे असे उद्योग सुरू केले. मात्र 'हाताचा धंदा' म्हणून मालकाला मिळणारी प्रत्येक करसवलत मजुरीशी जोडली गेली पाहिजे.

यांतील कोणत्याही मागणीच्या मुळाशी प्रश्न एकच येतो: ही स्त्री कोणाची कामगार? सट्टेदाराच्या वहीत तिचे नाव पुष्कळदा नवऱ्याच्या किंवा सासूच्या नावाखाली दडलेले असते. केंद्र सरकारच्या कामगार कल्याण संघटनेचे विभागीय कार्यालय जबलपुरातच आहे. मालकाचे नाव, सट्टेदाराचे नाव आणि वळणाऱ्या प्रत्येक स्त्रीचे स्वतःचे नाव एका ओळीत लिहिलेली यादी वस्तीवस्तीतून तयार करून तेथे दाखल करणे, हे काम संहितेखालील नियमांची वाट न पाहता आजपासून सुरू करता येईल.