परळचा पूल आणि फोनवरचा नागरिक

रमजानच्या महिन्यात संध्याकाळ जवळ आली की फोनवर छायाचित्रांची रीघ लागते. खजूर, फळांच्या फोडी, सरबताचे पेले, गल्लीत अंथरलेले लांबलचक दस्तरखान. त्यांच्या जोडीला धान्याची पाकिटे वाटतानाची छायाचित्रेही येतात. त्यांत देणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे असतो आणि घेणाऱ्याची मान खाली असते. रोजा मात्र या सगळ्याच्या उलट आहे. नमाज मशिदीत दिसते, हजला निघालेला माणूस साऱ्या गावाला दिसतो, जकात निदान घेणाऱ्याला तरी कळते. रोजा कोणाला दिसत नाही. बंद खोलीत घोटभर पाणी प्यायले तर जगाला पत्ताही लागणार नाही, तरीही रोजेदार ते पीत नाही. लोकांना दिसावे म्हणून केलेल्या सत्कर्माला ‘रिया’ म्हणतात. रिया शिरली की सत्कर्माचे मोल जाते, ही शिकवण मुसलमान घरांत लहानपणापासून दिली जाते.

ही गोष्ट फक्त इबादतीपुरती राहिलेली नाही. शहरातल्या माणसाचा वावर आता दोन ठिकाणी असतो, एक रस्त्यावर आणि दुसरा फोनवर. फोनवर तो फार जागरूक असतो. खड्ड्याचे छायाचित्र टाकतो, तुंबलेल्या गटाराची चित्रफीत पाठवतो, मंत्र्यांना जाब विचारतो, मतदान केल्यावर शाईचे बोट दाखवतो. यात गैर काही नाही. पूर्वी जे बोलणे नाक्यावरच्या चहाच्या टपरीत विरून जाई, ते आता मंत्रालयापर्यंत जाऊ शकते, हा लाभच आहे. प्रश्न एवढाच आहे की लिहून झाल्यावर नागरिकाचे कर्तव्य संपते की सुरू होते? मुंबईला या प्रश्नाचे उत्तर परळला मिळाले आणि त्याची किंमत २३ माणसांनी दिली.

तारीख होती २९ सप्टेंबर २०१७. दुसऱ्या दिवशी दसरा होता. मध्य रेल्वेचे परळ आणि पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड ही स्थानके एकमेकांना लागून आहेत. एल्फिन्स्टन रोडचे नाव पुढच्या वर्षी प्रभादेवी झाले. या दोन्ही स्थानकांना जोडणारा पादचारी पूल अरुंद होता आणि त्याचा जिना त्याहून अडचणीचा. सकाळी साडेदहाच्या सुमारास जोराचा पाऊस आला. भिजू नये म्हणून माणसे जिन्यावरच थांबली आणि मागून गाड्यांतून उतरलेली गर्दी येतच राहिली. कामावर निघालेली माणसे त्या जिन्यावर चेंगरून मेली.

हा पूल अपुरा आहे, हे कोणाला ठाऊक नव्हते? जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडले आणि त्या जमिनींवर कार्यालये, मॉल आणि मनोरे उभे राहिले. गिरणी कामगार बहुतेक लालबाग, परळ, डिलाईल रोड इथल्या चाळींतच राहत असे आणि पायी कामावर जाई. नव्या कार्यालयांतला नोकरदार डोंबिवलीहून आणि विरारहून येऊ लागला. जमिनीचा वापर बदलला, माणसांची ये-जा बदलली, जिना मात्र तोच राहिला. रोज त्या जिन्यावरून उतरणाऱ्याला हे पायाखाली कळत होते.

आणि लोक गप्पही नव्हते. दुर्घटनेनंतर काही तासांतच प्रवाशांचे जुने संदेश वर आले. कोणी वर्षभरापूर्वी, कोणी त्याच्याही आधी रेल्वेला आणि मंत्र्यांना उद्देशून लिहिले होते की इथे एक दिवस चेंगराचेंगरी होईल. काहींनी गर्दीची छायाचित्रेही जोडली होती. या भागातल्या खासदारांनी रेल्वेमंत्र्यांना पत्रे लिहिली होती. नवा रुंद पूल कागदावर मंजूरही झाला होता, काम तेवढे सुरू झाले नव्हते. म्हणजे माहितीची कमतरता कुठेच नव्हती. सांगणारे होते, ऐकणारेही होते. सांगितलेले काम तडीस जाईपर्यंत त्याच्या मागे उभे राहणारे कोणी नव्हते.

या दुर्घटनेतली दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. पश्चिम रेल्वेच्या चौकशीत एका जखमी प्रवाशाने जे सांगितले ते तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. दसऱ्यासाठी फुले घेऊन निघालेल्या एका विक्रेत्याचा भारा खाली पडला. ‘फूल गिर गया’ असे कोणी म्हणाले आणि गर्दीने ‘पुल गिर गया’ असे ऐकले. गोंधळ वाढायला अनेक कारणे होती. पाऊस होता, गर्दी होती, जिना अरुंद होता. तरीही एका अक्षराचा फरक जिवावर उठू शकतो, हे त्या साक्षीतून दिसते. फोनवर रोज हेच चालते. अर्धवट ऐकलेले, कुठून आले ते माहीत नसलेले, तारीख नसलेले काहीतरी पुढे ढकलले जाते. आलेल्या बातमीची आधी खातरजमा करावी, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहाचे नुकसान होईल आणि मागाहून पश्चात्ताप करावा लागेल, अशी ताकीद कुराणात आहे. चौदाशे वर्षांपूर्वी बातमी उंटावरून येत होती, आज ती अंगठ्याच्या एका स्पर्शाने जाते. तेव्हा खातरजमेची गरज आता कितीतरी वाढली आहे.

त्याच दिवशी फोनने एक चांगले कामही केले. जखमींना परळच्या केईएम रुग्णालयात नेले होते. तिथे रक्त हवे असल्याचा निरोप फिरला आणि माणसे रक्त द्यायला येऊन उभी राहिली. ज्या फोनांवर चेंगराचेंगरीच्या चित्रफिती फिरत होत्या, त्याच फोनांवर हा निरोपही फिरला. फरक असा की रक्ताच्या निरोपाला ठिकाण होते, काम होते आणि ते वाचणाऱ्याला घरातून उठावे लागले. चित्रफीत पाहणाऱ्याला कुठेही जावे लागले नाही.

गिरगावातल्या चाळींच्या तोंडाशी आणि लालबाग-परळमधल्या मंडळांच्या खोल्यांबाहेर काळे फळे टांगलेले असत. काही अजूनही आहेत. उद्या पाणी उशिरा येईल, अमुक खोलीतल्या आजी गेल्या, अंत्ययात्रा दहाला निघेल, एका मुलाला रक्त हवे आहे, असा मजकूर खडूने लिहिलेला असे. खाली लिहिणाऱ्याचे नाव क्वचितच असे. पण लिहिले कोणी हे चाळीला ठाऊक असे. पाण्याची वेळ चुकीची लिहिली तर दुसऱ्या दिवशी नळावर त्याला चार गोष्टी ऐकाव्या लागत. नाव झळकत नव्हते, पण जबाबदारी चुकत नव्हती. आज उलटे झाले आहे. फोनवर प्रत्येकाचे नाव आणि चेहरा दिसतो, पण लिहिलेल्याचा जाब द्यायची वेळ फारशी कोणावर येत नाही. दुसऱ्या दिवशी नवा विषय येतो आणि कालचा खड्डा तिथेच राहतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खराही आहे. सामान्य माणसाने पाठपुरावा तरी किती करायचा? सकाळी डबा, लोकल, दिवसभर काम, रात्री मुलांचा अभ्यास. शिवाय पत्रे लिहून उपयोग होतोच असेही नाही. परळच्या दुर्घटनेनंतर बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला मध्यरात्र उलटल्यावर, तिथून जवळच कमला मिल्समधल्या गच्चीवरच्या उपाहारगृहाला आग लागली आणि १४ जण गेले. त्या आवारातल्या बांधकामांबद्दल आधी तक्रारी झाल्या होत्या. मग तक्रार करणाऱ्याने आणखी काय करायचे? दोष कोणाचा, याबद्दल गोंधळ नको. जिना रुंद करणे हे रेल्वेचे काम होते आणि परवाने तपासणे महापालिकेचे. ती जबाबदारी प्रवाशाच्या किंवा तक्रारदाराच्या गळ्यात घालता येणार नाही.

पण एकट्याची तक्रार बासनात बांधणे सोपे असते, हेही यातून कळते. दुर्घटनेनंतर लष्कराच्या अभियंत्यांना बोलावले गेले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये परळला नवा पूल खुला झाला. लालबागकरांच्या करी रोड स्थानकालाही लष्करानेच पूल बांधून दिला. वर्षानुवर्षे कागदावर अडलेले काम काही महिन्यांत झाले. म्हणजे पैसे, लोखंड, कारागीर यांतले काहीच अशक्य नव्हते. निकड वाटायला २३ मृत्यू लागले. तीच निकड जिवंत माणसांना निर्माण करता येते का, हाच नागरिकत्वाचा खरा प्रश्न आहे.

त्यासाठीची साधने फार मोठी नाहीत, फक्त कंटाळवाणी आहेत. महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार केली की तिचा क्रमांक मिळतो. परळला एफ दक्षिण, दादरला जी उत्तर, गिरगावला डी अशी विभाग कार्यालये आहेत. तिथे दिलेल्या अर्जावर पोच मिळते. महाराष्ट्राने २००२ मध्येच माहितीच्या अधिकाराचा कायदा केला आणि २००५ मध्ये तो साऱ्या देशासाठी आला. साध्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. फोनवरच्या संदेशाला ‘संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ एवढे उत्तर देऊन मोकळे होता येते. शिक्का असलेल्या अर्जावर दहा शेजाऱ्यांच्या सह्या असतील, तर तसे सुटता येत नाही. फोनचा उपयोग इथेच आहे. त्या दहा सह्या गोळा करायला, पुढची तारीख सर्वांना कळवायला आणि आलेले उत्तर सगळ्यांसमोर ठेवायला त्याच्याइतके चांगले साधन नाही.

मताचेही तसेच. २० मे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईत मतदान जेमतेम ५० टक्क्यांच्या घरात राहिले. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे मुंबई महापालिकेत लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकाच्या हाती होता. या काळात रस्ते, कचरा, पाणी यांवरून फोनवर किती संताप व्यक्त झाला! शेवटी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले, तेव्हा केंद्रावर पोचलेले मतदार निम्म्याहून थोडेच अधिक होते. संताप व्यक्त करणारे आणि रांगेत उभे राहणारे हे एकच लोक नाहीत, असे दिसते. शाईच्या बोटाचे छायाचित्र टाकणाऱ्याने निदान बोटाला शाई तरी लावून घेतली. पण त्यालाही पाच वर्षांत त्या एका दिवसापलीकडे आपला नगरसेवक कोण, त्याने काय केले, हे विचारावे लागेल.

फोनवर ‘वाढ’ या शब्दाचा अर्थ आता ठरून गेला आहे. पाहणारे किती वाढले, पसंती किती वाढली. माणूस वाढला का, हे त्या आकड्यांत येत नाही. घरातले लहान मूल पहिला रोजा ठेवते तेव्हा दुपारी तीनला त्याची खरी परीक्षा असते. आई स्वयंपाकघरात असते, पाण्याचा माठ समोर असतो आणि बघायला कोणी नसते. तो तास निभावला की मूल थोडे मोठे होते. नागरिकाचा असा तास म्हणजे विभाग कार्यालयातली दुसरी, तिसरी, चौथी फेरी. तिथे टाळ्या नसतात, छायाचित्र काढण्यासारखेही काही नसते. साहेब जेवायला गेलेले असतात. पहिल्या फेरीत चिडणारा माणूस चौथ्या फेरीपर्यंत नियम शिकतो, कारकुनाची अडचण समजून घेतो, नेमका प्रश्न विचारू लागतो. हीच त्याची वाढ.

रस्त्यातला काटा किंवा दगड बाजूला करणे हाही सदका आहे, असे पैगंबर मुहंमद (स.) यांच्या शिकवणुकीत सांगितले जाते. त्या रस्त्याने पुढे कोण जाणार, तो कुठल्या धर्माचा, कुठल्या जातीचा, हे काटा उचलणाऱ्याला माहीत नसते. परळच्या जिन्यावर पडलेल्यांत सगळ्या धर्मांची, सगळ्या भाषांची माणसे असू शकत होती, कारण त्या जिन्याने सगळेच उतरत होते. शहरातले काटे आता एकट्याला उचलता येत नाहीत. त्यांना निविदा लागते, मंजुरी लागते. म्हणून उचलण्याची पद्धत बदलली आहे, कर्तव्य तेच आहे.

ईद होईल, शिरखुर्म्याच्या वाट्या शेजारी जातील, छायाचित्रेही पाठवली जातील. पाठवावीतच, आनंद वाटून घ्यायचाच असतो. त्याबरोबर प्रत्येक घराने आपल्या गल्लीतले एकच काम हाती घ्यावे. तुटलेले झाकण, बंद दिवा, रुग्णालयाच्या दारातला अडथळा, काहीही. तक्रार करावी, तिचा क्रमांक भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावा आणि ३० दिवसांनी येणाऱ्या तारखेवर एक खूण करावी. त्या दिवशी उत्तर आले नसेल तर पुन्हा जावे. जिना मोडण्याआधी त्याची दुरुस्ती झाली, तर त्याची बातमी होत नाही, कोणाचे नावही होत नाही. त्या जिन्याने माणसे रोजच्यासारखी खाली उतरतात आणि कामाला जातात.